तिसऱ्या सीटवरून वाचलेलं पुस्तक

आमच्या डेपोत ज्याला टोपणनाव पडलं नाही, तो माणूस अजून मुरलेला नाही असं समजायचं. मला सगळे मास्तर म्हणतात, पण ते काही टोपणनाव नव्हे. ड्रायव्हर लोक कुठल्याही कंडक्टरला मास्तरच म्हणतात. म्हणजे मी एकोणतीस वर्षं नोकरी करून न मुरलेलाच. माझ्या ड्रायव्हरला मात्र पहिल्याच आठवड्यात नाव मिळालं, पारा. तापट होता म्हणून नव्हे, तापट मी आहे. थर्मामीटर फुटला की फरशीवरचा पारा कसा हाती लागत नाही, तसा हा माणूस एका जागी सापडायचा नाही म्हणून.

सोळा वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीवर. स्टेशनपासून कापडगिरणीच्या मागच्या फाटकापर्यंत, बेचाळीस स्टॉप, एक तास दहा मिनिटं. गाडी चालत असली की पारा शांत. स्टिअरिंग हातात आलं की पाळण्यातल्या पोरासारखा गप्प व्हायचा. पंचाईत व्हायची ती फाटकापाशी. तिथे गाडी पंचवीस मिनिटं थांबते. ती पंचवीस मिनिटं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. हा आधी चारी बाजूंनी टायरला लाथा मारून बघणार, मग आरसे पुसणार, मग वेळ लिहिणाऱ्या कंट्रोलरशी हुज्जत घालणार, मग परत येऊन मला विचारणार, "मास्तर, किती वाजले?" त्याच्या मनगटावर घड्याळ असायचं. मी म्हणायचो, "अरे, बूड टेक की जरा कुठंतरी." तर म्हणायचा, "टेकलं की अंगाला मुंग्या येतात."

मी तरी कुठे साधा होतो. माझ्या हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच असतो. गाडी रिकामी असली तरी माझा अंगठा चालूच असतो, टिक टिक, टिक टिक. बायको म्हणते, तुम्ही झोपेतही अंगठा हलवता. पण स्वतःचं कुणाला दिसतं?

तर पाऱ्याच्या लेकीने नवीन टॅब्लेट घेतला आणि जुना बापाला दिला. ती शाळेत शिकवते. टॅब्लेटची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती, पण चालत होता. तिने त्यात दीडशे-दोनशे पुस्तकं भरून दिली आणि सांगितलं, "बाबा, एका पुस्तकात मन रमलं नाही तर दुसरं उघडा, तिसरं उघडा. कुठं होतात ते त्याच्या लक्षात राहतं. ते कुरकुर करत नाही." शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं असावं, कारण त्या वेळी मी तिथे उभा होतो.

मी मनात म्हटलं, चार दिवसांची नवलाई. याला पुस्तक म्हणजे भजन्याला बंदूक. पण लेक बापाला ओळखून होती. पारा एकदम चार पुस्तकं वाचायला लागला. याचं बारा टक्के, त्याचं सात टक्के, तिसऱ्याचं चाळीस. खाली पट्टीवर तो आकडा दिसतो, आणि कुठूनतरी कुठेतरी पोहोचण्याचा हिशेब दिसला की ड्रायव्हरला बरं वाटतं. डेपोतल्या इलेक्ट्रिशियनला गाठून त्याने केबिनमध्ये चार्जिंगची सोय करून घेतली. काचेवर ऊन आलं की त्यात स्वतःचंच तोंड दिसायचं, म्हणून फाटकापाशी गाडी उलटी फिरवून भिंतीच्या सावलीत तोंड करून लावायला लागला. टॅब्लेट स्टिअरिंगच्या आऱ्याला टेकवायचा, मागून एक रबर अडकवायचा, आणि बोट पँटला पुसून पान उलटायचा. ग्रीसचा हात लागलेला असला तर शेजारच्या बोटाने. पंचवीस मिनिटं हा माणूस हलायचा नाही. कंट्रोलर खिडकीपाशी येऊन बघून गेला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

माझं काय झालं ते कुणी विचारलं नाही. सोळा वर्षं त्या पंचवीस मिनिटांत त्याचं डोकं मी खायचं आणि माझं त्याने, असा आमचा संसार होता. आता एक काळी पाटी कानामागून आली आणि तिखट झाली. मी त्याच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसायचो आणि पंच वाजवायचो. टिक टिक. तो मागे न बघता म्हणायचा, "मास्तर, वाजव, वाजव. त्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही." मला राग यायचा. मी आणखी वाजवायचो.

असं एक वर्ष गेलं असेल.

एकदा मी असाच चिडून बसलो होतो, आणि समोर बघता बघता एक वाक्य वाचलं. म्हणजे मुद्दाम नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागे जी काच असते तिच्यातून, त्याच्या डाव्या खांद्यावरून पाटी दिसत होती, आणि पाटीवर अक्षरं होती. 'नाव काठाला लागली तेव्हा तिच्यात अकरा माणसं होती. निघाली तेव्हा बारा होती.' माझा पंच थांबला. बारावं माणूस कुठे गेलं? एवढ्यात पाऱ्याने पान उलटलं. पुढच्या पानावर कळलं की बारावी एक डॉक्टरची बायको होती.

शाळा सुटल्यापासून मी तिकिटावरचे आकडे सोडून काही वाचलेलं नव्हतं. पण त्या बाईने मला धरलं. ती नावेतून पडली की तिने उडी मारली की कुणी ढकलली, याचा मला घोर लागला. मी रोज फाटक यायची वाट बघायला लागलो. पाऱ्याला काही बोललो नाही, कारण वर्षभर त्या पाटीला नावं ठेवलेली, आता कुठल्या तोंडाने सांगणार? मी आपला डबा उघडून, डोकं खाली घातल्यासारखं करून, मान तिरकी करून वाचायचो. आणि बघा, आमचा वाचण्याचा वेगही एकच निघाला. माझं पान संपायचं, मी सवयीने पंच वाजवायचो, आणि तेवढ्यात तो पान उलटायचा. मला वाटलं, सोळा वर्षांची जोडी आहे, श्वाससुद्धा बरोबर घेत असू.

सुरुवातीला मला पहिल्या सीटवरून पुढे वाकावं लागायचं. मग वाकावं लागेना. मग उन्हाची तिरीप यायची म्हणून मी तिसऱ्या सीटवर जाऊन बसलो, तिथूनही छान दिसायला लागलं. पाटीची पार्श्वभूमी काळी आणि अक्षरं पांढरी झाली होती, ते मला फारच सोयीचं वाटलं. पुढे पुढे मी दाराच्या पायरीवर उभा राहून, वारा खात वाचायचो. एका पानात पाच-सहा शब्द मावायचे. 'डॉक्टर काहीच बोलला नाही.' एवढंच पान. मी मनात म्हणायचो, वा, काय सोय केली आहे.

काखेत कळसा म्हणतात तो हा. माणसाने माझ्याइतकं मूर्ख असू नये. दारातून मला पुस्तक वाचता येत होतं, आणि असं का, हा प्रश्न मला पडला नाही, कारण मला त्या बाईचं काय झालं ते हवं होतं.

मधेच एकदा पाऱ्याच्या लेकीचा फोन आला. "काका, बाबांना कंटाळा आला का हो वाचायचा? मला इथं माझ्या टॅब्लेटवर दिसतं, त्यांचं कुठवर आलं ते. आधी महिन्याला चार-चार पुस्तकं व्हायची. आता तीन महिने एकच चाललंय."

"कंटाळा कसला," मी म्हटलं. "चवीनं वाचतोय गं. रोज वाचतो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं.

त्यानंतर आठवडाभरात ती सकाळ आली. गाडी निम्मी भरलेली, मी पुढच्या बाजूला तिकिटं देत होतो. गिरणीच्या अलीकडे रस्ता सरळ आहे, खड्डा नाही, वळण नाही. समोर रस्त्याच्या अगदी मधोमध राखाडी कोट घातलेला एक म्हातारा सायकल हातात धरून ओलांडत होता. लपून नव्हे, चोरून नव्हे, लख्ख उजेडात. मी बघितलं आणि वाटलं, पारा आता वेग कमी करेल. तो करेना. मी आणखी एक क्षण वाट बघितली. मग माझा हात आपोआप वर गेला आणि मी छतालगतची दोरी खेचली. एक बेल, म्हणजे थांब.

पाऱ्याने ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर आपटली. गाडी थांबली तेव्हा म्हाताऱ्याच्या सायकलचं चाक आणि आमचा बंपर यांच्यामध्ये वीतभर जागा असेल. म्हातारा शिव्या देऊन निघून गेला. मागून एक बाई म्हणाली, "ड्रायव्हरदादा, देवासारखा ब्रेक मारलात." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी केबिनच्या काचेपाशी गेलो. पारा समोर बघत होता. तो हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मास्तर, कोण होतं?"

फाटकापर्यंत मी त्या काचेपासून हललो नाही. सगळे उतरले. त्याने गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, इंजिन बंद केलं आणि पाटी काढली नाही. मी केबिनचं दार उघडून पायरीवर बसलो.

"कधीपासून?"

"नदीचं पुस्तक सुरू केलं तेव्हापासून," तो म्हणाला. वेळ मोजायची त्याची ही नवी पद्धत. "आधी वाटलं काच खराब झाली. पुसली. मग वाटलं चष्मा हवा. मग एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. बरोब्बर मधोमध डाग आहे, मास्तर. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेचं सगळं दिसतं. तुझा कान दिसतोय, तोंड नाही."

"आणि गाडी?"

"रस्ता पाठ आहे. खड्ड्यांसकट. स्टॉपवर तू बेल देतोसच."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "वाजव. पण आधी ऐक. चौदा महिने राहिलेत माझे रिटायर व्हायला. वहिनीला माहीत नाही तुझ्या, लेकीला माहीत नाही. तीन आठवड्यांनी डोळ्यांची तपासणी आहे, तिचं मला भय नाही."

तिचं भय कुणालाच नसतं. आमच्या डेपोत डोळे तपासायचा तक्ता बारा वर्षं तोच आहे. डावा कोपरा उंदराने खाल्लेला. नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला आधी रूट नाही, तक्ता शिकवतात. वरून खाली, खालून वर, पाढ्यासारखा. यात कुणाला काही वाईट वाटत नाही. सगळ्यांना दिसतं, मग पाठ असला काय आणि नसला काय, असा हिशेब. मीसुद्धा त्याला हसत आलो होतो. मी कंडक्टर असूनही मला तो पाठ आहे.

"डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"गेलो होतो. बाहेरच्या. मधलं गेलं ते परत येत नाही म्हणाला. कडेचं राहील." मग त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "घरी बसवतील रे मला. खुर्चीत. मी खुर्चीत बसून काय करू, सांग. वेड लागेल मला. चौदा महिने, मास्तर. दोरी तुझ्याच हातात आहे. मघाशी बघितलंस ना? तू बेल दिलीस, मी थांबलो."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. निघायची वेळ झाली म्हणून उठलो आणि दोन बेल दिल्या, म्हणजे निघ. माझ्या आयुष्यात मी केलेल्या सगळ्या चुकांमध्ये ती पहिल्या नंबरची.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. पारा निवांत झाला, कारण त्याने सांगून टाकलं होतं, आणि त्याच्या अंगातल्या मुंग्या सगळ्या माझ्या अंगात आल्या. मी केबिनच्या शेजारी उभा राहायचो, रस्त्यावरची नजर काढायचो नाही. अर्ध्या लोकांची तिकिटं राहून जायची. कुत्रं दिसलं, बेल. शाळेचं पोर दिसलं, बेल. तीन बेल म्हणजे आमच्याकडे 'गाडी भरली, थांबू नको'. आम्ही दोघांत ठरवलं की तीन म्हणजे 'पुढं काहीतरी आहे, सावकाश'. लोक वैतागले. एक नेहमीचे शिक्षक म्हणाले, "कंडक्टर, देऊळ आहे की बस?" मी त्यांच्यावर खेकसलो. घरी आलो की पाणी पिऊन बसलेला उठायचो, खिडकीशी जायचो, परत बसायचो. जेवताना बायकोने विचारलं, "कुणाला शोधताय?" आडव्या जाणाऱ्या सगळ्या माणसांना मी मनात राखाडी कोट घालून बघायला लागलो होतो.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑफिसात जाऊन सांगावं, तर सोळा वर्षांच्या जोडीदाराच्या पोटावर पाय. न सांगावं, तर गाडीत चाळीस माणसं आणि रस्त्यावर किती ते देवालाच ठाऊक. एक आशा मी धरून होतो. तपासणीत तो पकडला जाईल. माझ्या तोंडून जाणार नाही, आणि व्हायचं ते होईल. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या हातून न्याय झालेला फार आवडतो.

त्या काळात फाटकापाशी तो वाचायचाच. मान उजवीकडे वळवून, पाटी डाव्या बाजूला धरून, डोळ्याच्या कडेने एकेक शब्द वेचायचा. आता मला ते बघवत नव्हतं, पण डोळे जायचे. डॉक्टरने बायकोला ढकललं नव्हतं, एवढं कळलं होतं. पट्टीवर एकाहत्तर टक्के दिसत होते. नावाड्याचा संशय यायला लागला होता.

तपासणीच्या दिवशी माझीही कानांची तपासणी होती, कंडक्टर लोकांचे कान बघतात. म्हणून मी त्याच खोलीत बाकावर होतो. पारा खुर्चीत बसला, एक डोळा झाकला. शिपायाने काठी पाचव्या ओळीवर ठेवली आणि ती अजून नीट टेकली नव्हती तोवर हा पाचवी ओळ म्हणून मोकळा. मग सहावी. मग सातवी, जी मला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नाही. शेवटची ओळ त्याने उलटीसुद्धा म्हणून दाखवली. शिपाई हसला. डॉक्टरांनी मान वर न करता शिक्का मारला.

बाहेर येऊन पाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "चहा घे. माझ्याकडून." मी चहा घेतला. त्या शिक्क्याने माझी शेवटची पळवाट बंद केली होती. आता सांगणारं कुणी उरलंच असेल, तर ते मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसची फेरी. स्टेशनच्या स्टॉपवर गाडी भरली. दफ्तरं, डबे, छत्र्या, दाराशी दोघं लटकलेले. पाऱ्याने इंजिन सुरू केलं. मी मागच्या दाराशी उभा होतो. दोरी माझ्या डोक्यावर होती. हात वर केला, दोरी बोटात घेतली, आणि खेचली नाही.

नियम असा आहे की दोन बेल झाल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. पुष्कळ जण हलवतात. पाऱ्याने सोळा वर्षांत एकदाही हलवली नव्हती.

एक मिनिट गेलं. लोक माझ्याकडे बघायला लागले. ते शिक्षक म्हणाले, "आज काय मौन आहे का?" तिथल्या कंट्रोलरने शिट्टी मारली. मग दुसरी मारली. मग तो तरातरा चालत आला आणि खालून ओरडला, "मास्तर, सात चोवीस झाले." मी दोरी धरून उभा.

"मास्तर, बेल," पाऱ्याचा आवाज आला. त्याने मागे बघितलं नाही. बघून त्याला मी दिसलोही नसतो.

"नाही देत," मी म्हटलं.



"काय झालं?"

"तुला माहीत आहे."

मला वाटलं, तो आता गिअर टाकेल आणि निघेल. मला वाटलं, तो येऊन माझी गचांडी धरेल. मनातून मी म्हणत होतो, गाढवा, निघ की, म्हणजे मला तुझा राग तरी येईल. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ते तसेच ठेवून तो बराच वेळ बसला. त्या माणसाला इतका वेळ काहीही न करता बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मग त्याने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. तो केबिनमधून उतरला, गाडीच्या पत्र्यावर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून कंट्रोलरपाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझे डोळे गेलेत साहेब. लिहून घ्या. काल खोटं सांगितलं."

माझ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. दोष दिला नाही, उलट मला सगळं माहीत होतं हे झाकून वाचवलंच. मी दोरी सोडली आणि मागच्या सीटवर बसून रडलो. ते शिक्षक माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरून गेले.

डेपोत निम्मी माणसं म्हणाली, बरोबर केलंस. निम्म्यांनी माझ्या टेबलावर चहा प्यायचं सोडलं. एकाने तोंडावर विचारलं, "चौदा महिने दम धरवला नाही का, मास्तर?" ऑफिसने पाऱ्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या आणि डबे सांभाळायचे. सहा दिवस बसला, सातव्या दिवशी रजेचा अर्ज टाकून गेला तो परत आला नाही.

टॅब्लेट केबिनमध्येच राहिला होता, चार्जिंगला लावलेला, रबर त्याच्याभोवती गुंडाळलेला. मी तो घरी द्यायला गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाटी घेतली आणि म्हणाल्या, "भावजी, आत या म्हणत नाही, राग मानू नका. ते दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरतात. तुमचा आवाज ऐकला तर आणखी फिरतील." आतून पावलांचा आवाज येत होता. दहा पावलं, वळण, दहा पावलं. मी तसाच परत आलो.

नवा ड्रायव्हर तरणा आहे, नजर घारीची. फाटकापाशी गाडी लावली की टपरीवर जातो. मी एकटा बसतो आणि पंच वाजवतो. नावाड्यानेच ते केलं का, हे मला कळलं नाही. दुकानात जाऊन पुस्तक मागावं तर नाव माहीत नाही. नाव पहिल्या पानावर असतं, आणि मी आलो तोवर पहिलं पान गेलं होतं.

साडेचार महिने झाले. एका दुपारी स्टेशनच्या स्टॉपवर पारा चढला. पायऱ्या न चाचपता, मोजल्यासारखा. बारीक झाला होता. माझ्यासमोर हात केला, "एक फाटक." मी तिकीट फाडलं, भोक पाडलं, त्याच्या हातात दिलं. त्याने ते खिशात ठेवलं आणि केबिनच्या मागच्या पहिल्या सीटवर जाऊन बसला. माझी जागा ती. बेचाळीस स्टॉप तो तिथेच बसून होता. मी बेल देत होतो, आणि प्रत्येक बेलला त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता.

फाटक आलं. सगळे उतरले, ड्रायव्हर टपरीवर गेला. पारा उतरला नाही. त्याने पिशवीतून पाटी काढली, समोरच्या दांडीला टेकवली, रबर अडकवला. मी तिसऱ्या सीटपाशी उभा राहिलो. काळ्यावर पांढरी, तेवढीच मोठी अक्षरं. खाली एकाहत्तर टक्के.

"अजून तिथंच?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पुढं गेलाच नाहीस?"

"माझं कधीच झालं," तो म्हणाला. त्याचं तोंड खिडकीकडे होतं. "लेकीनं त्याला बोलायला लावलंय. ते वाचतं, मी ऐकतो. फिरता फिरता ऐकता येतं. त्यानंतर सात झाली."

"मग हे?"

"हे तुझं राहिलंय."

मी वेड्यासारखा उभा राहिलो. "मी वाचतो हे तुला काय माहीत? तू कधी मागे वळून बघितलं नाहीस."

"बघायचं कशाला? सोळा वर्षं तुझा पंच ऐकतोय मी. तू वाचायला लागलास की टिकटिक बंद पडायची. परत सुरू झाली की समजायचं, पान झालं. मग उलटायचो." त्याने पाटीचा रबर नीट केला. "माझं व्हायचं नाही कधी कधी. कडेनं वाचायला वेळ लागतो. पण तुझी चुळबुळ सुरू व्हायची."

बोललो असतो तर माफीच मागितली असती, आणि ती त्याने ऐकून घेतली नसती. मी तिसऱ्या सीटवर बसलो. पाय पसरले. पानावर होतं, 'नावाडी म्हणाला, मी तिला बघितलं होतं.' मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा अक्षरं पाण्यात गेली.

वाचून झाल्यावर मी पंच वाजवला. पाऱ्याने बोट पँटला पुसलं आणि पान उलटलं.